परफॉर्मन्स मोड लावण्याआधी ड्रायव्हर बघायला सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या टेक्नॉलॉजीच्या पानावर मागच्या आठवड्यात लिनक्स फास्ट करायच्या टिप्स आल्या होत्या, त्यातल्या दोन वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. एक टिप अशी होती की सीपीयूचा गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरने किती स्पीडने चालायचं ते ठरवणारा भाग, पॉवरसेव्ह दिसला तर तो ताबडतोब परफॉर्मन्स करा, कारण पॉवरसेव्ह प्रोसेसरला सगळ्यात कमी स्पीडवर बांधून ठेवतो. आणि दुसरी, स्वतःचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करत असाल तर डीफॉल्ट गव्हर्नर परफॉर्मन्स ठेवा आणि बाकीचे सगळे काढून टाका म्हणजे कर्नल हलका होतो. पहिली टिप काही मशीनवर खरी आहे आणि आजकालच्या बऱ्याच मशीनवर साफ चुकीची आहे, आणि दुसरी तर कुठल्याच साध्या वापराच्या मशीनसाठी मला पटत नाही. पेपरात छापून आलं की लोक विश्वास ठेवतात, डोळे झाकून कमांड टाकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबलं तर समजून घ्या, पण हा विषय दोन ओळीत सांगायला गेलं की नेमका असाच घोळ होतो.

आधी मुळात हे काय आहे ते सांगते. प्रोसेसर एका ठराविक स्पीडवरच चालतो असं पूर्वी होतं, पण २००० सालच्या आसपास लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचं स्पीडस्टेप, एएमडीचं पॉवरनाऊ आणि ट्रान्समेटाचं लाँगरन आलं आणि चालू असतानाच फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज कमी जास्त करता यायला लागलं. मग प्रश्न आला की कधी किती ठेवायचं हे ठरवणार कोण. लिनक्समध्ये ते काम सीपीयूफ्रेक नावाच्या भागाकडे आहे आणि त्याचे तीन तुकडे आहेत. मधे सीपीयूफ्रेकचा स्वतःचा गाभा, जो सगळ्यांना जोडतो. वर गव्हर्नर, जो ठरवतो की आत्ता किती स्पीड हवा. आणि खाली ड्रायव्हर, जो प्रत्यक्ष हार्डवेअरशी बोलून तो स्पीड लावतो. आपल्या टिप्समध्ये सगळं गव्हर्नरबद्दल होतं, ड्रायव्हर हा शब्द एकदाही नव्हता, आणि माझी सगळी तक्रार तिथेच आहे.

जनरिक गव्हर्नर, म्हणजे कर्नलमधले सगळ्यांसाठी असलेले, ते सहा आहेत. परफॉर्मन्स नेहमी वरची मर्यादा मागतो. पॉवरसेव्ह नेहमी खालची मर्यादा मागतो. यूझरस्पेस म्हणजे तुम्ही सांगाल ती फ्रिक्वेन्सी. ऑनडिमांड २००४ मध्ये २.६.९ कर्नलमध्ये आला, लोड ठराविक टक्क्याच्या वर गेला की थेट टॉपला उडी मारतो. कन्झर्व्हेटिव्ह त्याचाच सावकाश भाऊ, तो पायरी पायरीने चढतो उतरतो. आणि २०१६ मध्ये ४.७ कर्नलमध्ये शेडयूटिल आला, राफाएल वायसोकी यांनी लिहिलेला, जो स्वतः लोड मोजत बसत नाही तर शेड्यूलरलाच, म्हणजे कुठलं काम कधी आणि कुठे चालवायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या भागालाच, विचारतो की प्रोसेसरच्या या कोअरवर किती काम आहे. या यादीतला पॉवरसेव्ह घेतला तर तुमची टिप बरोबर आहे, तो खरोखरच मशीनला तळाशी बसवतो.

पण आता इंटेलचं मशीन घ्या. २०१३ मध्ये ३.९ कर्नलपासून इंटेल-पीस्टेट नावाचा ड्रायव्हर आला. हा ॲक्टिव्ह मोडमध्ये चालत असेल तर तो जनरिक गव्हर्नर वापरतच नाही, स्वतःचं डोकं वापरतो, आणि वापरणाऱ्याला फक्त दोन नावं दाखवतो, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह. नावं तीच पण अर्थ वेगळा! इथला पॉवरसेव्ह तळाशी बसत नाही, काम आलं की वर जातो, काम संपलं की खाली येतो, म्हणजे वागणुकीत तो ऑनडिमांड किंवा शेडयूटिलच्या जवळचा आहे. त्याच्यावर व्हिडिओ रेंडरिंग टाकलं तर तो टर्बोपर्यंत, म्हणजे नेहमीच्या स्पीडच्याही वरच्या टप्प्यापर्यंत, जातो. कर्नलच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे की नाव सारखं असलं तरी हे जनरिक गव्हर्नर नाहीत. एएमडीचंही आता तसंच आहे, एएमडी-पीस्टेट २०२२ मध्ये ५.१७ ला आला, २०२३ मध्ये ६.३ ला त्याचा ॲक्टिव्ह मोड आला, तिथेही हीच दोन नावं दिसतात. म्हणजे नवीन लॅपटॉपवर लिनक्स टाकला, गव्हर्नर बघितला, पॉवरसेव्ह दिसलं, तर ते नॉर्मल आहे, काही बिघडलेलं नाही. आणि नेमक्या याच माणसाला आपली टिप सांगते की ताबडतोब बदला.

बदलल्यावर काय होतं तेही बघू. २०१५ च्या स्कायलेकपासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एचडब्ल्यूपी आलं, मार्केटमध्ये त्याला स्पीड शिफ्ट म्हणतात. यात कर्नल फ्रिक्वेन्सी नेमकी सांगतच नाही, तो फक्त हद्द सांगतो आणि एक कल सांगतो, की वीज वाचवायकडे झुक का स्पीडकडे झुक, बाकी चिप स्वतः ठरवते, आणि कर्नलपेक्षा खूप लवकर ठरवते. त्या कलाला ईपीपी म्हणतात आणि त्याची फाइल वेगळी असते, तिच्यात परफॉर्मन्स, बॅलन्स परफॉर्मन्स, डीफॉल्ट, बॅलन्स पॉवर आणि पॉवर अशा किंमती लिहिता येतात. म्हणजे खरी बारीक ॲडजस्टमेंट इथे आहे. आणि तुम्ही गव्हर्नर परफॉर्मन्स केलात की ड्रायव्हर ईपीपी थेट शून्यावर नेतो, म्हणजे पूर्ण स्पीडकडे, आणि मग ती ईपीपीची फाइल तुम्हाला बदलूच देत नाही, लिहायला गेलं की एरर येते. जे बटण वापरायला हवं होतं तेच बंद होऊन जातं. बॅटरीवर असलेल्या माणसाला जर थोडं चपळ मशीन हवं असेल तर गव्हर्नर पॉवरसेव्हच ठेवून ईपीपी बॅलन्स परफॉर्मन्स करणं हे कितीतरी शहाणपणाचं आहे.

हे सगळं मी पुस्तकी सांगत नाहीये. माझ्या स्वतःच्या लॅपटॉपवर एकदा असं झालं की मशीन एकाएकी इतकं स्लो झालं की साधं ब्राउझरचं पान स्क्रोल होईना. बघितलं तर सगळे कोअर ८०० मेगाहर्ट्झवर अडकलेले आणि गव्हर्नर पॉवरसेव्ह. मला वाटलं सापडलं कारण, केला परफॉर्मन्स, काहीच फरक नाही. मग कर्नल बदलला, मग ड्रायव्हर बंद करून जुना लावला, दोन संध्याकाळी त्यात गेल्या. शेवटी कळलं की चार्जरची पिन सैल झाल्यामुळे मशीनला चार्जर ओळखू येत नव्हता आणि अशा वेळी फर्मवेअरच, म्हणजे मशीनच्या बोर्डातच बसवलेला प्रोग्राम, प्रोसेसरला खाली दाबून ठेवतो, गव्हर्नर काहीही म्हणो. चार्जर बदलला, मशीन पूर्ववत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं झालं होतं माझं. तेव्हापासून मी कुणीही विचारलं की स्लो का झालं तर आधी गव्हर्नरचं नाव घेत नाही. गव्हर्नर मागतो, पण द्यायचं का नाही हे फर्मवेअर, तापमान आणि पॉवर लिमिट ठरवतात. तापलेल्या मशीनवर परफॉर्मन्स लावला तर ते आणखी तापतं आणि प्रोसेसर जीव वाचवायला स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे कधी कधी परफॉर्मन्स लावून परफॉर्मन्स कमी होतो. पंख्यात धूळ साचलेली असेल तर कुठलाही गव्हर्नर काही करू शकत नाही.

आता विजेचा हिशोब, कारण टिप्समध्ये एक वाक्य होतं की स्पीड अर्धा केला की वीज अर्धी लागते, आणि ते इतकं सरळ नाहीये. सर्किटचे स्विच चालू बंद होताना जी वीज जाते ती फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात जाते हे खरं, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही जाते. आणि फ्रिक्वेन्सी कमी केली की व्होल्टेजही कमी ठेवता येतं, खरी बचत तिथे आहे. समजा दोन्ही ८० टक्क्यांवर आणले, तर ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे साधारण ५१ टक्के पॉवर. स्पीड पाचवा हिस्सा गेला आणि पॉवर जवळजवळ निम्मी झाली. पण थांबा, काम तेवढंच आहे ना, ते आता सव्वापट वेळ चालणार, म्हणून त्या कामाला लागलेली एकूण ऊर्जा ६४ टक्के. तरी बचतच आहे. पण त्या सव्वापट वेळात स्क्रीन चालू, मेमरी चालू, प्रोसेसरमधून नुसती गळणारी वीज चालू, म्हणून खऱ्या मशीनवर बचत त्याहून कमी होते, आणि व्होल्टेज एका पातळीच्या खाली जातच नाही, तिथून पुढे फ्रिक्वेन्सी उतरवत बसलात तर काम लांबतं आणि हातात फारसं काही येत नाही. म्हणूनच दुसरा विचार असा आहे की काम पटकन उरका आणि झोपा. कोअर रिकामा झाला की तो सी-स्टेटमध्ये, म्हणजे झोपेत, जातो, खोल सी-स्टेटमध्ये क्लॉक बंद, पुढे व्होल्टेजही काढून घेतात, आणि हे काम सीपीयूफ्रेकचं नाही, सीपीयूआयडल नावाच्या वेगळ्या भागाचं आहे. म्हणजे परफॉर्मन्स लावला तरी रिकामा कोअर झोपतोच, त्यामुळे परफॉर्मन्स म्हणजे चोवीस तास भट्टी असंही नाही, आणि पॉवरसेव्ह म्हणजे बॅटरी दुप्पट असंही नाही. दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती होते.

कायम सगळ्यात खाली बांधून ठेवलेलं मशीन कधी कधी बॅटरी जास्त खातं, कारण पान उघडायला लागणारा वेळ माणूस स्क्रीन चालू ठेवून बसलेला असतो. आणि नेहमी टॉपला ठेवलेलं मशीनही जास्त खातं, कारण संगीत ऐकण्यासारखं जे काम थोडं थोडं सारखं येत राहतं त्याला उगाच वरच्या व्होल्टेजवर पळवलं जातं. दोन टोकांच्या मधे कुठेतरी बरोबर जागा आहे आणि ती क्षणाक्षणाला बदलते, म्हणून तर गव्हर्नर लिहावे लागले.

शेडयूटिल ते कसं करतो हे मला फार आवडतं म्हणून थोडं सांगते. शेड्यूलर प्रत्येक टास्कचा आणि कोअरचा हिशोब ठेवतो की अलीकडे तो किती बिझी होता, आणि जुना काळ हळूहळू विसरत जातो, साधारण ३२ मिलिसेकंदांपूर्वीच्या कामाचं वजन आत्ताच्या निम्मं धरलं जातं. मग जेवढा वापर आहे त्याच्या सव्वापट फ्रिक्वेन्सी मागितली जाते. वापर कमाल क्षमतेच्या ४० टक्के असेल तर फ्रिक्वेन्सी ५० टक्के, ६० असेल तर ७५, आणि ८० टक्क्याला पोचलात की पूर्ण १०० टक्के. ही जी थोडी मोकळी जागा ठेवलेली आहे ती यासाठी की काम अचानक वाढलं तर दम लागू नये. इतका साधा हिशोब, पण शेड्यूलरकडूनच माहिती येत असल्यामुळे एखादा टास्क एका कोअरवरून उठून दुसऱ्यावर गेला की त्याचं ओझंही त्याच्याबरोबर जातं, नवीन कोअरला पुन्हा पहिल्यापासून अंदाज बांधावा लागत नाही. ऑनडिमांड ठराविक वेळाने डोकावून बघायचा, त्याला हे कळायचं नाही. फोनमध्ये जिथे काही कोअर मोठे काही छोटे असतात तिथे कुठलं काम कुठल्या कोअरवर टाकलं तर वीज कमी लागेल हे ठरवणारी जी सोय २०१९ मध्ये ५.० कर्नलमध्ये आली, एनर्जी अवेअर शेड्यूलिंग, ती शेडयूटिलच्या भरवशावर उभी आहे.

आणि म्हणून तुमची दुसरी टिप, की बाकी सगळे गव्हर्नर कर्नलमधून काढून टाका, ही मला खटकली. गव्हर्नर म्हणजे फार छोटा कोड आहे हो, काढून मशीनला जाणवण्यासारखं काहीच वाचत नाही, आणि पुढे गरज पडली की पुन्हा अख्खा कर्नल बांधायला बसा. मेन्यूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नल बांधण्याआधी पर्याय निवडायच्या मेनूत, पॉवर मॅनेजमेंट आणि एसीपीआय ऑप्शन्स, त्यात सीपीयू फ्रिक्वेन्सी स्केलिंग, तिथे डीफॉल्ट सीपीयूफ्रेक गव्हर्नर असा पर्याय आहे. माझा सल्ला असा की डीफॉल्ट शेडयूटिल ठेवा, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह आत बिल्ट-इन असू द्या, ऑनडिमांड आणि कन्झर्व्हेटिव्ह मॉड्यूल म्हणून, म्हणजे लागतील तेव्हाच लोड होणारे, ठेवले तरी चालतील. त्याच पानावर खाली ड्रायव्हर आहेत, इंटेल-पीस्टेट, एएमडी-पीस्टेट, आणि जुन्या मशीनसाठी एसीपीआय-सीपीयूफ्रेक, हे चुकून काढलेत तर मात्र गव्हर्नर असून नसून सारखे, कारण हुकूम पाळणाराच नाही. मी पाहिलंय लोकांना गव्हर्नरवर वाद घालताना आणि खाली ड्रायव्हरवर टिकच नाही. ट्रान्झिशन स्टॅटिस्टिक्सचा पर्यायही चालू ठेवा, एसीपीआय-सीपीयूफ्रेकसारख्या ठराविक पायऱ्या असलेल्या ड्रायव्हरवर त्यामुळे प्रोसेसर कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती वेळ होता ते दिसतं, आणि वादाचा निकाल तिथेच लागतो.

डीफॉल्ट बदलायला कर्नल पुन्हा बांधायचीही गरज नाही. २०२० मधल्या ५.९ पासून बूट करतानाच पॅरामीटर देता येतो, सीपीयूफ्रेक टिंब डीफॉल्ट अंडरस्कोअर गव्हर्नर बरोबर आणि पुढे नाव. इंटेलवर जनरिक गव्हर्नर हवे असतील तर इंटेल-पीस्टेट बरोबर पॅसिव्ह असा पॅरामीटर द्यायचा, मग तोच ड्रायव्हर इंटेल-सीपीयूफ्रेक या नावाने दिसतो आणि शेडयूटिल वगैरे सगळे वापरता येतात. आणि लक्षात घ्या, या पॅसिव्ह मोडमध्ये पॉवरसेव्ह लावला तर तो खराखुरा जनरिक पॉवरसेव्ह, म्हणजे तळाला बसणारा! एकच मशीन, एकच ड्रायव्हर, एकच नाव, फक्त मोड बदलला आणि अर्थ उलटा झाला. यासाठीच मी म्हणतेय की नुसतं गव्हर्नरचं नाव सांगून सल्ला देऊ नका.

चालू मशीनवर बघायचं असेल तर सिस फोल्डरमध्ये डिव्हाइसेस, सिस्टम, सीपीयू, तिथे सीपीयू०, आणि त्यात सीपीयूफ्रेक असं फोल्डर असतं. पहिल्यांदा स्केलिंग ड्रायव्हर नावाची फाइल वाचा, मग स्केलिंग गव्हर्नर, मग उपलब्ध गव्हर्नरची यादी. कमीत कमी आणि जास्तीत जास्त फ्रिक्वेन्सीच्या फाइलींमध्ये आकडे किलोहर्ट्झमध्ये असतात, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झ हवं तर २४००००० लिहायचं, लोक २४०० लिहितात आणि मग मशीन भलतंच वागतं. ते फोल्डरच दिसत नसेल तर तुम्ही बहुतेक व्हर्च्युअल मशीनमध्ये आहात, तिथे फ्रिक्वेन्सी होस्टच्या हातात असते. आणखी एक गोष्ट जिथे नवीन माणूस हमखास अडकतो, सुडो लावून एको केलं तरी परमिशन डिनाइड येतं, कारण फाइल उघडण्याचं काम शेल करतं आणि शेलला रूटचे हक्क नसतात, तिथे टी (tee) ही कमांड वापरावी लागते. आणि फक्त सीपीयू० ची फाइल बदलली तर सगळे कोअर बदलतीलच असं नाही, जे कोअर एकाच क्लॉकवर एकत्र बांधलेले आहेत त्यांची पॉलिसी एक असते, बाकीच्यांची वेगळी. हे सगळं नको असेल तर सीपीयूपॉवर नावाचं टूल आहे, ते कर्नलच्याच सोर्समध्ये येतं, त्याच्या फ्रिक्वेन्सी-इन्फो कमांडने ड्रायव्हर, गव्हर्नर, हद्द सगळं एका ठिकाणी दिसतं आणि फ्रिक्वेन्सी-सेटने सगळ्या कोअरवर एकदम लागतं.

हे बदल रीबूट झालं की जातात, कारण त्या फाइली डिस्कवर नसतातच. आपल्या टिप्समध्ये हे लिहिलेलं नव्हतं, मला वाटतं लिहायला हवं होतं, एक तर लोकांना वाटतं सेटिंग कायम लागलं, आणि दुसरं म्हणजे काही चुकलं तर घाबरायचं कारण नाही, मशीन बंद करून चालू केलं की पहिल्यासारखं. कायम हवं असेल तर सिस्टमडीची, म्हणजे मशीन सुरू होताना आपोआप चालणारी, छोटी सर्व्हिस लिहा किंवा वर सांगितलेला बूट पॅरामीटर वापरा. पण त्याआधी बघा की दुसरं कुणी त्याच फाइलींमध्ये लिहितंय का. वीज सांभाळणारे प्रोग्राम असतात, टीएलपी लिहितं, पॉवर प्रोफाइल्स डीमन लिहितो, ट्यून्ड लिहितं, आणि यातले दोन एकदम चालू असले की एकाने केलेलं दुसरा पुसतो आणि माणूस म्हणतो कर्नलमध्ये बग आहे. डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जे परफॉर्मन्स, बॅलन्स्ड आणि पॉवर सेव्हर असे तीन पर्याय दिसतात ते बऱ्याचदा त्या डीमनचे असतात, आणि इंटेलच्या नव्या मशीनवर ते मुख्यतः ईपीपीच बदलतात, म्हणजे सामान्य माणसाला खरं तर तेवढं एक बटण पुरेसं आहे, टर्मिनल उघडायचीही गरज नाही. टिप्समध्ये हेच पहिलं यायला हवं होतं.

परफॉर्मन्स कधी लावावा याबद्दलही माझं मत आहे, मी त्याच्या विरुद्ध नाही. लाइव्ह ऑडिओ रेकॉर्डिंग करताना, जिथे काही मिलिसेकंद उशीर झाला तरी आवाज तुटतो, तिथे लावा. डेटाबेस सर्व्हरवर जिथे छोट्या छोट्या क्वेरी येतात आणि प्रत्येक वेळी स्पीड चढायची वाट बघणं परवडत नाही, तिथे लावा. बेंचमार्क करताना तर लावाच, आणि टर्बो बंद करा, नाहीतर एकाच प्रोग्रामचे दोन वेळा दोन आकडे येतील आणि तुम्ही कोड सुधारला का हवा थंड होती हे कळणार नाही. टर्बो बंद करायला इंटेल-पीस्टेटच्या फोल्डरमध्ये नो-टर्बो नावाच्या फाइलीत १ लिहायचं, आणि एसीपीआय-सीपीयूफ्रेक असेल तर बूस्ट नावाच्या फाइलीत ०, इथे आकडे उलटे आहेत, सांभाळून. उन्हाळ्यात मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहीत बसणाऱ्यालाही मी टर्बो बंद करायला सांगते, कारण टर्बोचा शेवटचा थोडासा स्पीड मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं आणि मघाशी सांगितलेला वर्गाचा हिशोब तिथे सगळ्यात जास्त लागतो. पंखा शांत होतो आणि लिहिण्यात काहीच फरक पडत नाही.

आणि मोजा. गव्हर्नर बदलून मशीन चपळ वाटतंय हे वाटणं पुरेसं नाही. स्केलिंग करंट फ्रिक्वेन्सीची फाइलही प्रत्येक वेळी खरं सांगते असं नाही, काही ड्रायव्हरवर तिथे शेवटी मागितलेली फ्रिक्वेन्सी दिसते, प्रत्यक्ष मिळालेली नाही. त्यासाठी टर्बोस्टॅट चालवा, तेही कर्नलच्या सोर्समध्येच आहे, त्यात बिझी मेगाहर्ट्झ म्हणून कॉलम असतो, म्हणजे कोअर जागा असताना सरासरी किती स्पीडवर चालला, शिवाय किती वेळ झोपला आणि प्रोसेसरने किती वॅट घेतले हे सगळं शेजारी शेजारी दिसतं. तेच काम आधी एका सेटिंगवर आणि मग दुसऱ्या सेटिंगवर करा, वेळ आणि वॅट दोन्ही लिहून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि बहुतेक वेळा असं दिसतं की डीफॉल्टमध्ये आणि परफॉर्मन्समध्ये लांबलचक कामाला वेळ जवळपास सारखाच लागतो, कारण सतत लोड असला की कुठलाही धड गव्हर्नर टॉपलाच जातो. फरक पडतो तो छोट्या, तुटक कामांना.

माझी विनंती एवढीच की पुढच्या अंकात त्या दोन टिप्सची दुरुस्ती छापावी. पहिल्या टिपेच्या आधी एक ओळ घाला, की सीपीयूपॉवर फ्रिक्वेन्सी-इन्फो चालवून ड्रायव्हर बघा, तिथे इंटेल-पीस्टेट किंवा एएमडी-पीस्टेट-ईपीपी (एएमडीचा ॲक्टिव्ह मोड या नावाने दिसतो) दिसलं तर पॉवरसेव्ह तसाच राहू द्या आणि हवं तर ईपीपी बदला, एसीपीआय-सीपीयूफ्रेक किंवा इंटेल-सीपीयूफ्रेक दिसलं आणि गव्हर्नर पॉवरसेव्ह असेल तर शेडयूटिल करा. आणि दुसरी टिप, गव्हर्नर काढून टाकण्याची, ती मागे घ्यावी. ज्यांनी ती वाचून कर्नल बांधायला घेतला असेल त्यांच्यासाठी लवकरात लवकर छापलंत तर बरं होईल.

कळावे,
आपली एक नियमित वाचक